खानदेशातल्या ओढ्यातला चपटा कृमी: नव्या प्रजातीचं वर्णन कसं करायचं

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्लॅनेरिया या चपट्या कृमीचं चित्र सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. तुकडे केले की प्रत्येक तुकड्यातून नवा जीव तयार होतो, एवढं पाठ करून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. हा प्राणी सातपुड्यातल्या एखाद्या नाल्यातल्या दगडाखाली आपल्यालाच सापडू शकतो, हे मात्र कुणी सांगत नाही. भारतातल्या गोड्या पाण्यात राहणाऱ्या या कृमींची यादी फार लहान आहे. डुगेसिया इंडिका, डुगेसिया बेंगालेन्सिस, अंदमानातली डुगेसिया अंदमानेन्सिस अशी डुगेसिया या जातीतली (जीनस) मोजकीच नावं पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात. देशाचा आकार आणि ओढ्यांची संख्या पाहता ही यादी अपुरी आहे, असं माझं ठाम मत आहे. हे काम जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विभागांना जमण्यासारखं आहे.

सगळं काम ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती आधी सांगतो. चपट्या कृमीची प्रजात रंगावरून, लांबीवरून किंवा डोक्याच्या त्रिकोणावरून ठरत नाही. ती ठरते जननेंद्रियांच्या आतल्या रचनेवरून, आणि ती रचना फक्त लैंगिकदृष्ट्या पक्व प्राण्याचे पातळ छेद घेतल्यावरच दिसते. मोबाइलवर कितीही सुंदर फोटो काढला तरी त्यावरून "नवी प्रजात" म्हणता येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अडचणीभोवती रचलेल्या आहेत.

परवानगी

जागा ठरली की आधी ती कुणाच्या अखत्यारीत येते ते पाहा. यावल अभयारण्य, अनेर धरण अभयारण्य आणि पाटणादेवीचा परिसर ज्यात येतो ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्य इथून एक दगड उचलायचा तरी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. वनविभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय तिथला नमुना घेऊ नका. परवानगीचा क्रमांक पुढे शोधनिबंधात छापावा लागतो आणि चांगली नियतकालिकं तो मागतात. अभयारण्याबाहेर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला काय करणार आहात ते सांगा. विहीर किंवा शेतातला झरा असेल तर मालकाला विचारा. आपल्याकडे लोक "घ्या, घ्या" म्हणतातच, पण विचारल्यानंतर.

जैवविविधता कायदा, २००२ मधलं कलम ३९ नीट वाचून ठेवा. नवी प्रजात सापडली तर ती नेमून दिलेल्या संग्रहालयाला कळवणं आणि नमुने तिथे जमा करणं त्यात बंधनकारक केलं आहे. प्राण्यांसाठी असं संग्रहालय म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था. तिचं मुख्यालय कोलकात्याला आहे आणि पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात, आकुर्डीला. परदेशातल्या तज्ज्ञाकडे नमुने पाठवायचे असतील तर त्याची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. पाकिटात घालून टपालाने पाठवून देऊ, असं करू नका.

कुठे आणि केव्हा शोधायचं

खानदेशचा उन्हाळा या प्राण्याचा शत्रू आहे. बहुतेक प्लॅनेरियांना थंड, सावलीतलं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, आणि तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात उथळ पाणी चटकन तापतं. म्हणून जिथे बारमाही झरा आहे, वरून झाडांची सावली आहे आणि खाली बेसॉल्टचे सुटे दगड आहेत, अशा जागा शोधा. सुकी, मोर, अनेर, गोमाई या सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांचे वरचे नाले, अक्राणी तालुक्यातलं तोरणमाळ, साक्री तालुक्यातली पांझरेच्या उगमाकडची पाणथळ जागा, चाळीसगावच्या दक्षिणेचे डोंगर या सगळ्या जागा पाहण्यासारख्या आहेत. पांझरेवरच्या जुन्या फड पद्धतीचे बंधारे आणि पाटही सोडू नका. पाटाच्या कडेच्या दगडांना वर्षातला बराच काळ वाहतं पाणी मिळतं. अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्याच्या तोंडाशी शोधण्यात अर्थ नाही. केळीच्या बागांमधून वाहत येणाऱ्या नाल्यांत खतं-फवारणीचं पाणी उतरतं, तिथेही आशा कमी.

जागेची माहिती नकाशापेक्षा माणसांकडून चांगली मिळते. गुराख्याला किंवा वनमजुराला "आठे उन्हायामा पानी ऱ्हास का?" एवढं विचारलं की कुठला झरा आटतो आणि कुठला आटत नाही, हे तो थेट सांगतो. सातपुड्याच्या आत पावरा पाड्यांवर तर प्रत्येक झऱ्याला नाव असतं. ते नाव वहीत लिहून घ्या. पुढे मूळ ठिकाणाच्या वर्णनात त्याचा उपयोग होतो.

काळ म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी निवळलेलं असतं, थंड असतं आणि पक्व प्राणी मिळण्याची शक्यता याच दिवसांत जास्त धरावी. उष्ण पाण्यात डुगेसियाच्या कित्येक वसाहती फक्त तुटून वाढतात. प्राणी मधोमध ताणतो, शेपटीकडचा भाग सुटतो आणि दोन्ही तुकडे पूर्ण होतात. अशा प्राण्यांत जननेंद्रियं तयारच होत नाहीत, आणि मग ओळख जातीपर्यंत (जीनस), म्हणजे डुगेसियापर्यंत पोहोचते, प्रजातीपर्यंत (स्पीशीज) नाही.

पकडणं

दगड आणि बुडालेली पानं हळूच उलटी करून पाहा. जळू आणि प्लॅनेरिया यांत नवशिक्याचा गोंधळ होतो. जळूच्या अंगावर वलयं असतात, टोकाला चूषक असतो आणि ती वाकून पावलं टाकल्यासारखी चालते. प्लॅनेरिया सरळ घसरत जातो, वलयं नसतात आणि डोक्यावर दोन डोळे दिसतात. पावसाळ्यात ओल्या अंगणात दिसणारा, हातोड्यासारख्या डोक्याचा लांब कृमी हा जमिनीवरच्या कुळातला आहे. तो या लेखाचा विषय नाही.

दगडाखाली काही दिसलं नाही म्हणजे तिथे काही नाही, असं समजू नका. बोकडाच्या कलेजीचा नखाएवढा तुकडा जाळीच्या कापडात बांधा, दोऱ्याने दगडाला अडकवा आणि संध्याकाळी मंद प्रवाहात सोडा. तासा-दोन तासांनी उचलून पांढऱ्या थाळीत झटका. हे प्राणी उजेड टाळतात, त्यामुळे संध्याकाळ आणि रात्र दिवसापेक्षा जास्त देते. चिमटा वापरू नका. मऊ, बारीक रंगाच्या ब्रशने किंवा रुंद तोंडाच्या ड्रॉपरने उचला. उलटलेला प्रत्येक दगड होता तसा परत ठेवा, कारण त्याच्या खाली आणखी कुणाचं तरी घर असतं.

त्याच जागी उभं राहून अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पाण्याचं तापमान, सामू, तळ कसा आहे आणि गोळा करणाऱ्यांची नावं लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेली नोंद प्रकार-नमुन्यासाठी, म्हणजे ज्या नमुन्याला नव्या प्रजातीचं नाव बांधलं जातं त्यासाठी, कमी पडते. पाणी त्याच झऱ्याचं भरून घ्या आणि थर्मासमध्ये किंवा बर्फ ठेवलेल्या डब्यात, पण बर्फाला थेट न लावता, प्राणी घेऊन या. जळगाव ते धडगावची एसटी दुपारच्या उन्हात असेल तर ही काळजी सगळ्यात महत्त्वाची.

पाळणं आणि पक्वतेची वाट पाहणं

काचेच्या उथळ भांड्यात, क्लोरीन नसलेल्या पाण्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवा. १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान बहुतेक डुगेसियांना मानवतं. आठवड्यातून एकदा कलेजीचा छोटा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा कण द्या आणि दोन तासांनी उरलेलं काढून पाणी बदला. राहिलेलं अन्न कुजलं की सगळं भांडं हातचं जातं.

आता रोज भिंगाखाली पोट पाहा. पोटाच्या मध्यावर तोंडाचं छिद्र असतं. त्याच्या मागे, शेपटीच्या बाजूला दुसरं बारीक छिद्र दिसलं तर ते जननरंध्र, म्हणजे प्राणी पक्व. भांड्यात देठाने चिकटलेली, काळपट-तपकिरी, गोल अंडकोशी दिसली तर आनंद करा. डुगेसियाची अंडकोशी देठाची असते. तिचा फोटो आणि माप दोन्ही घ्या. प्राणी फक्त तुटतच राहिले तर तापमान थोडं खाली आणून काही महिने वाट पाहा. तरीही पक्व झाले नाहीत तर त्याच जागी पुढच्या हिवाळ्यात परत जा. इथे घाई करून अपक्व प्राण्यावर प्रजात उभी करणं मला साफ अमान्य आहे. असं वर्णन छापलं गेलं तर नंतर येणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला ते ओझं वाहावं लागतं.

जिवंतपणी टिपायच्या गोष्टी

छेद घेण्याआधी आठवडाभर उपाशी ठेवा, म्हणजे आतडं रिकामं होतं. मग अंग ताणून घसरत असताना मोजपट्टीसह वरून आणि खालून फोटो काढा. पाठीचा रंग, पट्टे, ठिपके, डोक्याच्या बाजूंना असलेले कानांसारखे भाग, डोळ्यांमधलं अंतर, ग्रसनीला (तोंडातून बाहेर येणारी अन्न ओढायची नळी) रंग आहे की नाही हे सगळं लिहा. शेवटची नोंद खास जपा. अमेरिकेतून पाणवनस्पतींबरोबर जगभर पोहोचलेल्या जिरार्डिया टायग्रिनाच्या ग्रसनीवर रंगाचे डाग असतात. मत्स्यालयाच्या दुकानाजवळच्या किंवा शोभेच्या कुंडातल्या कृमीबाबत हा संशय आधी मिटवायचा. रंग नंतर अल्कोहोलमध्ये उडतो, म्हणून ही माहिती पुन्हा मिळत नाही.

मारणं आणि टिकवणं

या अभ्यासात स्टाइनमनचं द्रावण पूर्वापार वापरतात, पण त्यात पाऱ्याचा क्षार आणि नायट्रिक आम्ल असतं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते वापरू नये. बुआंचं द्रावण चालतं: संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ भाग, फॉर्मालिन २५ भाग, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ५ भाग. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं की स्फोटक होतं, बाटली कायम ओली ठेवा. प्राणी थोड्याशा पाण्यात पूर्ण ताणलेला असताना द्रावण एकदम ओता. आखडलेल्या प्राण्याचे छेद वाकडे येतात. २४ तासांनी काढून ७० टक्के अल्कोहोलमध्ये पिवळेपणा जाईपर्यंत धूत राहा.

बुआंमध्ये गेलेल्या प्राण्याचा डीएनए पुढे कामाचा राहत नाही. त्यामुळे प्रत्येक प्राण्याच्या शेपटीचं अगदी टोक आधी कापून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा आणि दोन्ही बाटल्यांना एकच क्रमांक द्या. मीलनाची इंद्रियं तोंड आणि शेपटीच्या मधल्या भागात असतात, त्यामुळे टोक गेल्याने ती दुखावत नाहीत. लेबल पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

छेद

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि तो द्यायलाच हवा. मायक्रोटोम, म्हणजे पातळ छेद कापणारं यंत्र, महागडा आहे, पण वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात तो असतोच. तिथल्या तंत्रज्ञाला आधी समजावा की तुम्हाला एकाच प्राण्याचे सगळे छेद, एकही न टाकता, क्रमाने हवे आहेत. गाठीच्या तपासणीत दोन-चार छेद पुरतात. इथे छेदांची एक सलग पट्टी (रिबन) हरवली तर प्राणी वाया जातो.

वाढत्या अल्कोहोलमधून पाणी काढा, लवंग तेलात पारदर्शक करा, मग पॅराफिनमध्ये बसवा. प्राण्याचे आधी दोन भाग करा: एक ग्रसनीच्या पुढचा, एक मीलनाची इंद्रियं असलेला. दुसऱ्या भागाचे छेद बाणासारखे घ्यायचे, म्हणजे केळं लांबीच्या दिशेने चिरत जावं तसे डावीकडून उजवीकडे. जाडी ५ ते ७ मायक्रॉन. प्राणी २ मिलिमीटर रुंद असेल तर ७ मायक्रॉनने साधारण २८५ छेद होतात. ते दहा-बारा काचपट्ट्यांवर ओळीने बसतात. प्रत्येक पट्टीवर प्राण्याचा क्रमांक आणि पट्टीचा क्रमांक कोरा. दुसऱ्या एखाद्या प्राण्याचे आडवे आणि तिसऱ्याचे पाठीला समांतर छेदही घ्या, म्हणजे ग्रसनीच्या स्नायूंचे थर आणि वृषणांची जागा नक्की कळते.

रंजनासाठी हेमॅटॉक्सिलिन-इओसिन कुठेही मिळतं. मॅलरी पद्धतीचं तिरंगी रंजन जमलं तर स्नायू आणि संयोजी ऊती वेगळ्या रंगात उठून दिसतात आणि वाचन सोपं होतं. मी जमेल तिथे दोन्ही करायला सांगतो.

आता वाचन. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या छेदापासून शेवटच्या छेदापर्यंत एकेक पाहत जा आणि वहीत लिहा. मेंदूच्या मागे अंडाशय. शरीरभर वृषण, ते पाठीकडे आहेत की पोटाकडे. शुक्रवाहिन्या शिश्नाच्या कंदात कुठून शिरतात. आत शुक्राशय केवढा. शुक्राशय आणि स्खलनवाहिनी यांच्यामध्ये डायफ्रॅम नावाचा लहान पडदा डुगेसियात असतो, त्याचा आकार. स्खलनवाहिनी शिश्नाच्या मधून जाते की पोटाच्या बाजूने, आणि तिचं तोंड टोकाला उघडतं की थोडं अलीकडे. शिश्नाचं टोक सममित आहे की एका बाजूला झुकलेलं. ग्रसनी आणि शिश्नाच्या मधल्या जागेत कॉप्युलेटरी बर्सा नावाची पिशवी, तिची नळी कशी वळते, तिच्याभोवती स्नायूंचे थर किती आणि कोणत्या क्रमाने. अंडवाहिन्या त्या नळीला एकाच पातळीवर मिळतात की वेगवेगळ्या. प्रजाती बहुतेक वेळा या तपशिलांतच वेगळ्या पडतात.

एका छेदात हे सगळं कधीच दिसत नाही. म्हणून लागोपाठच्या छेदांवरून एकच संयुक्त आकृती काढावी लागते. कोणती बाजू पुढची ते आकृतीवर लिहा आणि मोजपट्टी द्या. फोटो हवेतच, पण ही हाताने काढलेली आकृतीच पुढच्या शंभर वर्षांत कुणीतरी उघडून पाहणार आहे. किमान तीन-चार प्राण्यांत तीच रचना दिसली तरच ती प्रजातीची खूण माना. एकाच प्राण्यात दिसलेला वाकडेपणा द्रावणात आखडल्यामुळेही असू शकतो.

तुलना आणि डीएनए

ज्या प्रजाती आशियातून, विशेषतः भारत, श्रीलंका, म्यानमार आणि अफगाणिस्तानकडून वर्णिल्या आहेत त्यांची मूळ वर्णनं जमवा. त्यांच्यावरून लिहिलेले सारांश चालणार नाहीत. एक तक्ता करा: उभ्या रांगेत प्रजाती, आडव्या रांगेत वर सांगितलेली लक्षणं. प्रत्येक जवळच्या प्रजातीपासून तुमचा प्राणी नेमका कशात वेगळा, ते एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. ते वाक्य लिहिता आलं नाही तर नवी प्रजात नाही. सापडलेला प्राणी जुनाच निघाला तरी खानदेशातली त्याची पहिली नोंद म्हणून छापा. तेही काम मोलाचं आहे.

डीएनए आज जवळजवळ अपरिहार्य झाला आहे. मायटोकाँड्रियातलं सीओआय जनुक आणि पेशीकेंद्रातलं आयटीएस किंवा २८एस वापरतात. नेहमीचे सार्वत्रिक प्रायमर (हवं ते जनुक वाढवण्यासाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) प्लॅनेरियात वारंवार फसतात, म्हणून या गटासाठी बनवलेले प्रायमर मागवा. अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजात, असा कुठलाही नियम नाही. तुटून वाढणाऱ्या वसाहतींत तर एकाच प्राण्यात जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या साठतात. सोय असेल तर गुणसूत्रंही मोजा. डुगेसियात मूळ संच ७, ८ किंवा ९ चा असतो आणि तुटून वाढणाऱ्या प्राण्यांत तिप्पट संच आढळतो. कापलेल्या जागी वाढणाऱ्या नव्या ऊतीत विभाजन जोरात चालू असतं, मोजणीसाठी तीच घ्या.

नाव आणि नियम

प्राण्यांची नावं आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेने चालतात. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीसाठी होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलं जातं तो एक नमुना (किंवा अनेक नमुने मिळून सिन्टाइप), स्पष्टपणे ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहालयात आहे किंवा ठेवला जाईल ते लिहावं लागतं. आपल्या प्राण्याचा होलोटाइप म्हणजे एका प्राण्याच्या सगळ्या काचपट्ट्या मिळून एक नमुना. बाकीच्या छेदमालिका आणि अल्कोहोलमधले प्राणी पॅराटाइप.

डुगेसिया हे नाव लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे विशेषण जोडलं तर तेही स्त्रीलिंगी हवं. ठिकाणावरून नाव द्यायचं तर "-एन्सिस" हा शेवट पुल्लिंग-स्त्रीलिंग दोन्हीत तसाच राहतो, नवशिक्यासाठी तोच सोपा. बाईच्या नावावरून दिलं तर शेवट "-आए", पुरुषाच्या नावावरून "-इ". स्वतःचं नाव देऊ नये, हा संकेत आहे. नदीचं, पाड्याचं किंवा ज्या झऱ्यावर प्राणी सापडला त्याचं नाव द्यावं असं मला वाटतं, म्हणजे त्या गावाचा त्या प्राण्यावरचा हक्क नावातच राहतो. छापून येण्याआधी ते नाव व्हॉट्सॲपवर, वर्तमानपत्रात किंवा परिषदेच्या पुस्तिकेत जाऊ देऊ नका.

लेख, जमा आणि छपाई

लेखाचा क्रम ठरलेला आहे: वर्गीकरणातली जागा, तपासलेले नमुने, लक्षणांचा थोडक्यात सारांश, नावाची व्युत्पत्ती, सविस्तर वर्णन, तुलना, अधिवास. "लक्षणांचा सारांश" हा भाग सगळ्यात शेवटी लिहा आणि सगळ्यात जास्त वेळा तपासा, कारण नाव वैध ठरण्यासाठी वेगळेपण शब्दांत सांगितलेलं असणं संहितेला लागतं.

नमुने जमा करून नोंदणी क्रमांक आधी मिळवा, मग लेख पाठवा. डीएनएचे क्रम जेनबँक या सार्वजनिक संग्रहात टाका. नियतकालिक फक्त इंटरनेटवर निघत असेल तर प्रकाशनाआधी झूबँक या प्राणिनावांच्या नोंदवहीत नोंदणी झालेली असली पाहिजे आणि त्याचा पुरावा लेखात छापलेला असला पाहिजे. नाहीतर नाव वैध धरलं जात नाही. झूटॅक्सा, झूकीज, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा, प्राणी सर्वेक्षण संस्थेचं रेकॉर्ड्स ही नावं डोळ्यांसमोर ठेवा. पाठवण्याआधी शुल्क किती ते विचारून घ्या. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्या नियतकालिकापासून दूर राहा. परीक्षक बहुधा आणखी छेद मागतील, आकृती पुन्हा काढायला सांगतील. त्यासाठी पाळलेल्या भांड्यातली वसाहत छपाई होईपर्यंत जिवंत ठेवा. छापील प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला द्या, म्हणजे लोकजैवविविधता नोंदवहीत त्या झऱ्यापुढे ही नोंद चढते आणि उद्या त्या झऱ्यावर पंप बसवायचा विषय निघाला तर ग्रामसभेपुढे ठेवायला कागद असतो.